सोनलनं खाल्लेला कडू घास

भडगावात कुणाच्या घरी माणूस गेलं की बायका पुष्पाबाईंची वाट बघत थांबायच्या. रडायला काय, कुणीही रडतं. पण गल्लीच्या तोंडापासून पदर डोळ्यांवर ओढून, हेल काढत, गेलेल्याचे गुण एकेक करून आळवत यायचं आणि घरातल्या बाईला मिठी मारून तिचा कोंडलेला हुंदका मोकळा करायचा, हे पुष्पाबाईंनीच करावं. त्यांना त्याचा अभिमानही होता. अमकीला रडताच येत नाही, तमकी नुसतीच बोंबलते, असे शेरे त्या घरी परतल्यावर चहा पिता पिता मारायच्या.

दीड वर्षापूर्वी त्यांचाच ईश्वर गेला. जामनेरच्या रस्त्यावर, मोटारसायकलवरून येताना. बत्तीस वर्षांचा एकुलता मुलगा. पुष्पाबाई अशा रडल्या की पलीकडच्या गल्लीतले पुरुषही डोळे पुसत होते. आणि सून सोनल, धुळ्याची, लग्नाला जेमतेम तीन वर्षं झालेली, ती भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसली होती.

स्मशानातून माणसं परतली. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारणींनी रिवाजाप्रमाणे कडू घासाची पिठलं-भाकरी आणली. घरच्या बायका त्या ताटाला नुसता हात लावतात, कुणीतरी बळंच एक घास तोंडात घालतं, की झालं. सोनलनं मात्र ताट पुढ्यात ओढलं आणि अर्धी भाकरी खाल्ली.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. पुष्पाबाई कसल्या नुसत्या बघून सोडतात! भरल्या घरात म्हणाल्या, "मना पोऱ्या गया, आनि तुले भूक लागनी? तुनी छातीमा दगड शे का?"

सोनल ताट उचलून मोरीकडे गेली. तेरावं झालं, भाऊ आला आणि तिला धुळ्याला घेऊन गेला. पुष्पाबाईंनी 'राहा' म्हटलं नाही. उलट वर्षभर ज्याला त्याला त्या अर्ध्या भाकरीची गोष्ट सांगितली.

यंदा उन्हाळ्यात जळगावला त्यांच्या लेकीचा, दिपमालाचा, पाय मोडला. पुष्पाबाई स्वयंपाकाला म्हणून जाऊन राहिल्या. प्लॅस्टरचा पाय उशीवर ठेवून दिपमाला दुपारभर एक कोरियन मालिका बघायची. माणसं तिकडची, बोलणं हिंदीत. पुष्पाबाईंना ती मालिका म्हणजे शिक्षाच वाटली. ना भांडण, ना कारस्थान, ना धडाड-धडाड संगीत.

"हाई बाई काल जिना चढी ऱ्हायंती, आज बी चढीच ऱ्हायनी!" त्या म्हणायच्या.

"माय, नुसतं बघ ना. कशी काम करते ती," दिपमाला म्हणायची.

करायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्या बघत राहिल्या. गोष्ट समुद्रकाठच्या एका गावातली होती. नवव्या की दहाव्या भागात त्या बाईचा नवरा बुडाला. घरात माणसं जमली. कुणीतरी तिच्यापुढे भाताचा वाडगा ठेवला आणि तिनं चमचा उचलला. पुष्पाबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी सवयीनं नाक मुरडलं. नवरा मेला आणि ही जेवायला बसली!

मग त्यांचे हात थांबले. ती बाई घास चावत होती आणि चावतच होती. गळ्याची शीर हलली, घास खाली गेला नाही. तिनं पाण्याचा घोट घेतला, तरी नाही. कपाळावर आलेली बट तिनं नीट कानामागे सारली आणि दुसरा चमचा भरला. डोळ्यांत टिपूस नव्हतं. कॅमेरा जागचा हलत नव्हता, आणि पुष्पाबाईंना स्वतःचा घसा दुखायला लागला.

चाळीस वर्षं दारोदार रडलेल्या बाईला हे कळणार नाही तर कुणाला? रडण्याची नक्कल करता येते. परक्यांच्या दारात त्यांनी स्वतः ती कितीदा केली होती. पण रडू न येण्याचं काम असं करायचं की बघणाऱ्याचा जीव गुदमरावा, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"दिपा, मांगे ले. परत दाखाड."

तीनदा बघितलं त्यांनी. तिसऱ्यांदा त्यांना पडद्यावर सोनलच दिसत होती. तोच हलणारा जबडा, तीच खाली घातलेली मान. आपण पोरीची भाकरी बघितली, तिचा गळा बघितलाच नाही. पुष्पाबाईंनी लसणाचं ताट बाजूला सारलं. सोनलला घरी आणायचं, बस. ईश्वरचं नाव घेऊन बोलायला त्या घरात दुसरं होतंच कोण?

रविवारी त्या एसटीनं धुळ्याला गेल्या. देवपुरात भावाच्या घरी सोनलनंच दार उघडलं. पाणी दिलं, चहा टाकला, गुडघे कसे आहेत विचारलं. पुष्पाबाईंनी तिचा हात धरला.

"मनी चूक व्हयनी, बेटा. तू खाई नही ऱ्हायंती. माले आते समजनं."

"मी खात होते, आई," सोनल म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुम्ही आदल्या सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. तुमची शुगरची गोळी राहिली होती. शेजारच्या मोगराबाई म्हणाल्या, तू खाल्लंस तर ती खाईल. म्हणून खाल्लं. तुम्हाला दिसावं म्हणून अर्धी भाकरी संपवली. मग मोरीत जाऊन ओकले."

पुष्पाबाईंना आठवलं. सुनेला बोलून झाल्यावर त्यांना मोगराबाईंनी भरवलं होतं आणि त्यांनी खाल्लं होतं. गोळीसुद्धा घेतली होती.

"घर चाल, बेटा," त्या कशाबशा म्हणाल्या. "मनासंगे चाल."

सोनलनं आपला हात हळूच सोडवून घेतला.

"नाही येणार, आई. ते घर आठवलं ना, की मला ईश्वर आठवत नाही. तुमचा आवाज आठवतो."

तिनं जेवायला वाढलं, आग्रह केला, स्टँडवर सोडायला आली, वाकून पायाही पडली. गाडी हलली तशी ती वळून चालायला लागली. पुष्पाबाई खिडकीतून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या. मुलाला देवानं नेलं, त्यावर त्यांचं काही चाललं नाही. सुनेला त्यांनी आपल्या तोंडानं घालवलं होतं.