चौदाच्या आतली पोरगी

बीबी गावच्या शाळेचं मैदान सकाळपासून भरलं होतं. शहरातून आलेले इंद्रभान सर फुटबॉल खेळणाऱ्या पोरींना दोरीवरून पाय टाकायला, डोक्यावर काठी धरून उकिडवं बसायला लावत आणि गुण देत. एकवीसपैकी चौदाच्या आत गुण पडले, की ती पोरगी यंदा जायबंदी होणार, असं ते सांगत.

"शरीर खोटं बोलत नाही, मंडळी. मी फक्त वाचतो. गेल्या साली आयशाचं काय सांगितलं होतं?"

आयशाचा घोटा मोडला होता. लोकांनी माना डोलावल्या. रंगराव तर बैल घेऊन आला होता.

"सर, याचा पाय कधी मोडन?"

"त्याले उकिडवं बसता येते काय बे?" मागून कुणीतरी विचारलं.

छकुलीला बारा गुण पडले. आठवडाभर कापूस वेचून तिची कंबर आखडली होती. देऊळगाव राजाच्या सामन्यांच्या यादीतून सरांनी तिचं नाव खोडलं. "आता घरी बस," तिचे वडील उकंडराव म्हणाले. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत मात्र भिंत धरून चालताना दिसली.

"काय झालं गं?" विज्ञानाच्या नाजिश मॅडमनी विचारलं.

"पाय मोडनार हाये ना, मॅडम. कोनता, ते नाही सांगतलं."

नाजिशला रागही आला नाही. तिने कपाटातून सरांची गेल्या वर्षीची गुणांची यादी आणि जायबंदी पोरींच्या नोंदी असलेली मलमपट्टीची वही काढली आणि नावं जुळवत बसली.

शनिवारी सर आले, पालकही जमले. नाजिशने फळ्यावर लिहिलं: चौदाच्या आतल्या नऊ, जायबंदी तीन. बाकीच्या पंधरा, जायबंदी पाच.

"दोन्हीकडे तिघींत एक. सर, या पाच जणींना काय सांगितलं होतं?"

"काळजी नको म्हणून."

"त्यांची नावं आठवतात?"

सरांना आयशाच आठवत होती. गावालाही. सारी करामत एवढीच होती. खरं ठरलेलं लक्षात राहिलं, चुकलेलं कुणी मोजलंच नाही.

उकंडराव फळ्यापाशी आले.

"बीटी बियान्याच्या पाकिटावरबी लिहेल होतं, बोंडअळी येनार नाही," ते म्हणाले. "तरी आली. लिहा पोरीचं नाव यादीत."

"मंग मी पडनार नाही ना, मॅडम?"

"पडशीलही. कोण पडणार, ते या काठीला कळत नाही. कंबर मोकळी कर, दुखलं तर सांग. आणि कुणी भविष्य सांगितलं, तर आधी चुकलेली किती, ते विचार."

छकुलीने भिंतीवरचा हात काढला.