टॉलिव्हरच्या मुलाचे बूट

"पाय घट्ट रोव, ब्रँट. सैनिकाचा पाय आहे, बदकाचा नाही!" कर्नल टॉलिव्हर म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

अन्सेल्मो गुडघ्यांवर बसून त्या पोराच्या पोटरीचं माप घेत होता. हार्लन लष्करी कॉलेजात गुडघ्यापर्यंतचे तपकिरी बूट घालायचा मान फक्त शेवटच्या वर्षाच्या कॅडेटना, आणि ते बूट शिवायचे अन्सेल्मोनेच, हे त्या टेक्सासी गावात ठरूनच गेलं होतं. कर्नलचे बूटही त्याच्याच हातचे होते.

"व्हॅली कॉलेजाबरोबरच्या मॅचला घालणार ना?" त्याने विचारलं.

"मग! व्हॅलीवाल्यांसमोर नाही मिरवायचे तर कुणासमोर?" कर्नल खुर्चीत रेलला. "ब्रँट, तुला तोफेचा किस्सा सांगितलाय का रे मी?"

"नाही, सर." ब्रँट बापालाही सरच म्हणायचा.

"माझं शेवटचं वर्ष. पहिल्या वर्षाच्या पोरांना आम्ही बेडूक म्हणायचो. मॅचच्या आधी असा एक बेडूक पळत पळत व्हॅलीच्या बँडमध्ये घुसला आणि ट्रम्पेटवाल्याच्या गळ्यातच पडला. म्हणे चुलतभाऊ आहे! शत्रूच्या गळ्यात, गणवेश घालून! तोफेच्या आवाजासाठी कानात घालतात तो कापूस मी त्याच्याकडून काढून घेतला आणि त्याला उभा केला आपल्या म्हाताऱ्या मॅटी तोफेच्या चाकाला टेकवून. त्या दिवशी आपली पोरं अशी खेळली, की चेंडू काखेत मारून एकेक जण गोलरेषेपलीकडे पोचतोय आणि दर वेळी मॅटी धडाडतेय. प्रत्येक बाराला तो बेडूक कोंबडीसारखा नाचत होता!"

"मग काय झालं त्याचं?" ब्रँटने विचारलं.

"कुणास ठाऊक. नावसुद्धा माहीत नव्हतं. बेडकांना कुठे नाव असतं?"

अन्सेल्मोच्या हातातली फीत सैल पडली. ती त्याने पुन्हा पोटरीभोवती गुंडाळली, आकडा पाहिला आणि तो लगेच विसरला.

बेडकाचं नाव होतं रुबेन ट्रेव्हिन्यो. अन्सेल्मोचा एकुलता एक मुलगा, घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. त्या शनिवारी त्याचा डावा कान कायमचा गेला आणि उजवा निम्मा राहिला. लष्कराच्या डॉक्टरांनी त्याला नापास केलं, त्याने कॉलेज सोडलं, आणि आता तो टेक्सासातच, ओडेसाकडे तेलविहिरींवर राबत होता. फोनवर त्याला धड ऐकू यायचं नाही. दोनदा "काय? काय म्हणालात, पपा?" करून तो बायकोच्या हातात फोन द्यायचा. असं करत त्याने फोन घेणंच सोडलं. हे कुणी केलं, ते अन्सेल्मोने जीव तोडून विचारलं तरी त्याने सांगितलं नव्हतं.

म्हणून अन्सेल्मोने अख्ख्या कॉलेजशीच वैर धरलं होतं. मॅचच्या दिवशी तो व्हॅलीची हिरवी टोपी घालून, हार्लनच्या गावातून छाती काढून चालत जायचा. लोक हसायचे. "काय हो अन्सेल्मो, पोट आमच्यावर भरता आणि ओरडता त्यांच्यासाठी?" "पोट भरतो म्हणून घसा विकला नाही," तो म्हणायचा. पण आजवर त्या वैराला चेहरा नव्हता. आता तो समोर बसून कॉफी मागत होता.

बूट असे उतरले की बघणाऱ्याने बघतच राहावं. फक्त उजव्या टाचेत आत आलेली खिळ्यांची टोकं त्याने कानशीने घासली नाहीत. वर कातड्याचा पातळ थर चिकटवला. दुकानात चार पावलं टाकली तर काही लागू नये, पण संचलनाचे मैल पडले की कातडं दबावं आणि टोकं वर यावीत.

बायको चेला जेवण घेऊन आली. तिने बुटात हात घातला, अंगठ्याने टाच दाबली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"म्हाताऱ्या, हे काय आहे?"

"टॉलिव्हरचं देणं."

"बूट पोराचे आहेत."

"माझंही पोरच होतं."

चेलाने बूट खाली ठेवला. "जेवून घे," एवढंच म्हणाली.

मॅचच्या दिवशी दोघं व्हॅलीच्या बाजूला बसली. चेलाच्या मांडीवर तमालेचा, मक्याच्या वाफवलेल्या पुरचुंड्यांचा, डबा होता, अन्सेल्मोच्या डोळ्यांना दुर्बीण. आधी युद्धात गेलेल्या हार्लनच्या पोरांसाठी बिगुल वाजला. तेवढ्यापुरती अन्सेल्मोने टोपी काढली, मेलेल्यांशी त्याचं भांडण नव्हतं. मग शेवटच्या वर्षाचे कॅडेट आले. सगळं गाव वेशीपासून चालत पार करून आलेली ती रांग, बुटांवर ऊन, तलवारी खांद्याला.

पाठीमागून एक व्हॅलीवाला ओरडला, "ए शिपुरड्यांनो, लढाई कुठंय? आईला विचारून आलात का?"

ब्रँट पहिल्या ओळीत होता. गालाचा रंग उडालेला, तरी पाऊल चुकत नव्हतं. 'पड,' अन्सेल्मो पुटपुटला. 'पड ना.'

मैदानाच्या मधोमध ब्रँटचा उजवा पाय मुडपला. त्याने दोन पावलं लंगडत टाकली, तलवार टेकवली आणि गवतावर बसला. हार्लनवाले मॅच संपेपर्यंत बूड टेकत नाहीत, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ताठा. आणि त्यांचा कॅडेट व्हॅलीसमोर मांडी घालून! व्हॅलीची बाजू वेडी झाली. "बसा, बसा! पाट आणू का?" शिट्ट्या, टाळ्या, टोप्या हवेत.

अन्सेल्मोने दुर्बीण समोरच्या बाजूला वळवली. कर्नल कठड्याशी उभा होता, मान लाल झालेली. "ऊठ!" तो ओरडत असावा. "ऊठ, टॉलिव्हर!" मग त्याने पाठ फिरवली आणि मुलगा बसलेला असतानाच जिना चढून निघून गेला.

अन्सेल्मो हसला. इतकं मोकळं, की डोळ्यांत पाणी आलं. चेला हसली नाही.

सोमवारी दुपारी ब्रँट दुकानात आला. पायात सपाता, टाचेला पट्टी, काखेत बूट.

"सॉरी, सर. बूट तुमचे छानच आहेत. माझेच पाय कच्चे निघाले. आतून थोडे मऊ करून द्याल?"

"घरचे काय म्हणाले?"

पोराने मान खाली घातली. "डॅड बोलत नाहीत माझ्याशी. फोन केला की आईकडे देतात."

अन्सेल्मोने बूट घेतला. अस्तरावर काळं पडलेलं रक्त होतं. कर्नलला तर काही कळलंच नव्हतं. तो पोटच्या पोराला नेभळट ठरवून मोकळा झाला होता. ज्याने भोगायचं तो खुशाल होता, आणि आपण न घासलेले खिळे भलत्याच्याच टाचेत.

"बापाला बोलाव," अन्सेल्मो म्हणाला. "म्हणावं, बूटवाल्याने बोलावलंय. आत्ता."

कर्नल आला तो उभ्यानेच म्हणाला, "काय आहे? माझ्याकडे वेळ नाही."

अन्सेल्मोने चिमट्याने टाचेतलं कातडं उचकटलं आणि बूट त्याच्यापुढे धरला. "बोट फिरवा."

कर्नलने बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं.

"हे मी ठेवले. मुद्दाम. तुमचा पोरगा नेभळट नाही. असल्या खिळ्यांवर तो अख्खं गाव चालून आला. तुम्ही वेशीपाशीच रडला असता."

"तुझी ही हिंमत! तुला मी कोर्टात..."

"जा कुठंही. त्या तोफेच्या चाकाला टेकवलेला बेडूक माझा पोरगा होता. रुबेन ट्रेव्हिन्यो. नाव माहीत नव्हतं ना तुम्हाला? म्हणा एकदा."

कर्नलने भिंतीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "आमच्या वेळी सगळेच..."

"नाव म्हणा."

"रुबेन," कर्नल म्हणाला.

ब्रँट एकदा बापाकडे आणि एकदा अन्सेल्मोकडे बघत होता. "मी तुमचं काय केलं होतं, सर?" त्याने विचारलं. त्यात राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"काही नाही," अन्सेल्मो म्हणाला. "तू काहीच केलं नव्हतंस."

पोराने मान हलवली आणि बूट तिथेच ठेवून तो दाराकडे वळला. कर्नलने त्याला धरायला हात पुढे केला. ब्रँटने तो बाजूला सारला आणि भिंतीला धरत, लंगडत, एकटाच गाडीपर्यंत गेला. कर्नल थोडा वेळ उंबऱ्यात तसाच उभा राहिला, मग त्याच्या मागोमाग, दहा पावलं अंतर ठेवून चालू लागला.

आता कॅडेट या दुकानात येणार नाहीत, हे अन्सेल्मोला ठाऊक होतं. त्याने दार लोटलं नाही. गिरणीतल्या एका बाईची तुटक्या पट्ट्याची चप्पल दुरुस्तीला आली होती, ती त्याने मांडीवर घेतली. दोरा ओवायला सुई डोळ्यांजवळ धरली. दोरा नेढ्याच्या कधी या बाजूने जात होता, कधी त्या बाजूने. चेलाने येऊन त्याच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला, आणि परत त्याच्या हातात दिली.