पोतोसीच्या चौकातलं झाकण

मी पोतोसी या खाणींच्या गावातल्या फोटोवाल्या सातुर्निनो युक्राच्या पेटी-कॅमेऱ्याचं झाकण बोलतोय. हसू नका. तुमच्या कॅमेऱ्याचं झाकण हरवलं तर फार तर भिंगावर धूळ बसते. आमच्या लाकडी पेटीला आत ना पडदा, ना कळ. मी निघालो की उजेड आत, मी बसलो की उजेड बंद. सातुर्निनो फोटो काढतो म्हणजे काय, तर मला काढतो आणि परत घालतो!

जन्मानं मी बेकिंग पावडरच्या डब्याचं. भिंगाचं मूळ पितळी झाकण कार्निव्हलच्या गर्दीत पडलं आणि नाचणाऱ्यांच्या पायाखाली त्याचा चपटा पापड झाला. भिंग सातुर्निनोच्या बापापेक्षाही जुनं, त्याच्या मापाचं झाकण आता कोण विकणार? सातुर्निनो भिंगाची पुढची नळी काढून खिशात घालायचा आणि बाजारातली झाकणं लावून बघत फिरायचा. बूटपॉलिशच्या डबीचं झाकण नळीत पडलं. मुरंब्याच्या बरणीचं पितळेवर ओरखडे काढू लागलं. शेवटी त्यानं चामड्याची टोपी शिवली, तर टाक्यांच्या भोकांतून उजेड झिरपला आणि एका नवरीच्या गालांवर देवीचे व्रण उमटले. तिच्या भावांनी चौकात तमाशा केला.

"काय उस्ताद, नळीला नवरा मिळाला का?" बाजारातल्या बायका विचारायच्या.

मिळाला, तो मी. जरा सैल होतो, म्हणून आत फेल्टची पट्टी हवी होती. चांगलं फेल्ट घरात एकाच ठिकाणी होतं, बासिलियाच्या गोल टोपीत. बासिलिया त्याची बायको. ती चौकात त्याच्या शेजारीच आपी, म्हणजे जांभळ्या मक्याचं गरम पेय, विकते.

"माझी टोपी कापलीस?" ती कडाडली.

"काठ कापला गं फक्त."

"मग आता डोक्यावर काय, तुझा कॅमेरा घालू?"

आठवडाभर तिनं त्याला आपी दिली नाही. पण मी घट्ट बसलो. आतून काजळी, बाहेर धरायला शर्टाचं बटण. कारखान्यातल्या कुठल्याही झाकणानं माझ्यापुढे ऐट करू नये.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. सातुर्निनो घड्याळ बघत नाही. बापानं शिकवलं तसं तो मरियेची प्रार्थना पुटपुटत मला उघडा ठेवतो. कडक उन्हात पहिले दोन शब्द पुरतात. ढग असले, किंवा फोटोवरून फोटो काढायचा असला, की अर्धी प्रार्थना, 'येशू' हे नाव येईपर्यंत. नावापाशी झाकायचं. बोट आणि जीभ एकमेकांना बांधलेली.

सर्व संतांच्या दिवशी सकाळी होनोराता आली. त्या दिवशी मेलेली माणसं दुपारी बारा वाजता घरी येतात, म्हणून घरोघरी मेजं मांडली होती, पावाच्या बाहुल्या भाजल्या होत्या. होनोराताच्या हातात काहीच नव्हतं. ती धापा टाकत होती.

"दादा, माझ्या पोराचा, निकानोरचा फोटो तुम्ही काढला होता. खाणीत कामाला लागला तेव्हा."

"आठवतो की. कान मोठे होते. कुठंय तो फोटो?"

"शवपेटीत ठेवला त्याच्याबरोबर. तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. तो गेल्यावरचं पहिलंच वर्ष आहे दादा. मेजावर त्याचं तोंड नसेल तर तो घरात शिरेल कसा? दारातूनच परत जाईल."

बासिलियानं तिला स्टुलावर बसवून हातात आपीचा पेला दिला. सातुर्निनोनं पत्र्याची पेटी उपसली. आमच्याकडे आधी उलटा फोटो निघतो, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, मग त्याचा फोटो काढला की सुलटा होतो. गिऱ्हाईक सुलटा नेतं, उलटा पेटीत राहतो. निकानोर सापडला. काळा चेहरा, पांढरे केस. होनोराता दचकली.

"हा नाही माझा!"

"तोच आहे ताई. आता सरळ होईल. पण कागद दोनच उरलेत, आणि आज दुकानं बंद."

भिंगासमोरच्या फळीवर त्यानं उलटा निकानोर टाचला. कागद आत सरकवला. बटण धरून मला अलगद काढलं आणि प्रार्थना सुरू केली. 'येशू' आला. त्याचा हात माझ्यासकट खाली येऊ लागला, तेवढ्यात होनोराता पुढची अर्धी म्हणू लागली. म्हणणारच! एकानं पहिली अर्धी म्हटली की दुसऱ्यानं पुढची म्हणायची, लहानपणापासूनची सवय. आणि त्या अर्ध्यातच 'मरणाच्या वेळी आमच्यासाठी विनंती कर' हे शब्द येतात. मेलेल्या पोराची आई प्रार्थना म्हणतेय आणि मधेच झाकण घालायचं? सातुर्निनोचा हात हवेत थिजला. मी मनात ओरडत होतो, घाल रे, घाल! पत्र्याचं कोण ऐकतो. 'आमेन' झाल्यावरच मी बसलो.

कागद काळा ठिक्कर निघाला.

"आता एकच," सातुर्निनो म्हणाला.

"मी तोंडातून शब्द काढत नाही दादा. ओठ शिवते."

"तुम्ही गप्प बसाल हो. पण माझा हातच आता नावापाशी झाकायला तयार नाही."

"मनात आकडे मोज की मेल्या," बासिलिया म्हणाली. "बारा वाजत आलेत."

"आकड्यांनी कधी काढलाय मी फोटो? शेवटच्या कागदावर शिकू?" तो होनोराताकडे वळला. "ताई, प्रार्थना मी म्हणतो. झाकण तुम्ही घाला. नाव आलं की झाका, हिसका न देता."

ती मागे सरली. "त्याच्या तोंडावर मी झाकण घालू? शवपेटी बंद करताना मला धरून बाहेर नेलं होतं दादा. मला बघवलं नव्हतं."

बासिलियानं तिच्या पाठीवर हात ठेवला. होनोराता हळूहळू पुढे आली आणि तिनं माझं बटण धरलं. तिची बोटं गार होती. मला वाटलं, ही मला टाकून पळणार.

तिनं मला काढलं. सातुर्निनो पुटपुटू लागला, नेहमीपेक्षा हळू नाही, भरभर नाही. होनोराताची नजर त्या काळ्या चेहऱ्यावर खिळली होती. एकेक शब्द जात होता. नाव आलं.

तिनं मला घातलं. इतक्या हलक्या हातानं मला आजवर कुणी घातलं नव्हतं.

"झालं ताई," सातुर्निनो म्हणाला. "सोडा आता."

"थांबा जरा," ती म्हणाली. तळवा माझ्यावर तसाच दाबून ती उभी राहिली, आणि आतापर्यंत अडवून धरलेली पुढची अर्धी प्रार्थना तिनं सावकाश, शेवटपर्यंत म्हटली.

फोटो बादलीतून निघाला तो स्वच्छ, मोठ्या कानांसकट. ओलाच शालीखाली धरून ती धावत सुटली. ती चढ चढत होती तेव्हा बाराच्या घंटा सुरू झाल्या.

आता माझ्या कडेला गंज चढलाय, फेल्ट विरलंय. कागद येईनासा झालाय, पेटी बहुतेक दिवस बंदच असते. सातुर्निनो गेल्यावर कुणी ती आवरायला बसेल आणि एक काळं, बटण लावलेलं झाकण हातात येईल. कुठल्या डब्याचं, ते कळणार नाही. तरी भंगारात टाकू नका. एका आईनं स्वतःच्या हातानं मला घालून आपल्या मुलाचा चेहरा झाकला होता, आणि त्या वेळी तिला धरून बाहेर न्यायची कुणाला गरज पडली नव्हती.