केसरमावशीचं न्हाय

अलिबागच्या एका फिजिओथेरपी दवाखान्यात क्रांती मदतनीस होती. रुचिका मॅडम व्यायाम ठरवून द्यायच्या आणि क्रांती घरोघरी फिरून ते करून घ्यायची. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात केसरमावशीकडे ती एक दिवसाआड जाई. लकवा झाल्यापासून मावशीचं उजवं अंग लुळं पडलं होतं आणि बोलणं एका शब्दावर येऊन अडकलं होतं. न्हाय. चहा हवा? न्हाय. बरं वाटतंय? न्हाय. समजत मात्र तिला सगळं होतं. म्हणून मॅडमनी सांगून ठेवलं होतं, "तिचा डावा हात हातात घे, विचार आणि गप्प बस. दाबला तर हो समज. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढा तिला दे."

त्या सकाळी क्रांतीला वेळच नव्हता. चौलला दुसरा पेशंट खोळंबला होता. ती आली तेव्हा दारापुढे सुकत घातलेले बोंबील कावळे खुशाल ओढत होते. एरवी मावशीचे यजमान, सदाकाका, तिथं काठी घेऊन बसलेले असत.

"काका कुठायत?"

"निजलाय बा. काल बोट उशिरा लागली," चहा गाळता गाळता विनेश म्हणाला. मावशीचा हा एकुलता एक मुलगा उजाडता उजाडता बंदरावर मासळी देऊन परतला होता.

क्रांतीनं मावशीच्या कमरेला पट्टा बांधला. "चला, उभं राहू या."

"न्हाय."

"थोडंसंच, मावशी."

"न्हाय! न्हाय!"

आतल्या खोलीच्या पडद्यामागे फोन वाजायला लागला. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. मावशीनं डाव्या हातानं खाटेची कड घट्ट धरली.

"बा एकदा निजला की ढोल वाजवला तरी उठायचा न्हाय," विनेश हसला. "आणि आयचं तर रोजचंच हाय, ताई. तुम्ही उचला, मी धरतो."

दोघांनी मिळून तिला उठवलं. ती सगळा भार टाकून धपकन खाली बसली. क्रांती मनातून वैतागली. बोलणार, तेवढ्यात तिचं लक्ष मावशीच्या कपाळाकडे गेलं. पंखा गरगरत होता, तरी कपाळावर घाम डवरला होता. नजर पडद्यावर खिळलेली. आत फोन पुन्हा वाजत होता.

क्रांतीनं पट्टा सोडला. खाटेवर टेकून तिनं मावशीचा हात हातात घेतला. गार पडला होता.

"पाय दुखतोय?"

हात तसाच राहिला.

"छातीत दुखतंय?"

काही नाही.

"भीती वाटतेय?"

मावशीची बोटं हळूहळू आवळत गेली. पुढचं विचारू नये असं क्रांतीला वाटलं, तरी तिनं विचारलं.

"आत काही झालंय?"

मावशीनं तिचा हात इतक्या जोरात दाबला की बांगडी मनगटात रुतली.

"विनेश, काकांना बघ."

"अहो, निजलाय तो..."

"आधी बघ!"

पेला खाली ठेवून विनेशनं पडदा सारला. "बा," त्यानं नेहमीसारखी हाक मारली. मग त्याच्या तोंडून जे निघालं, ते ऐकून शेजारची माणसं धावत आली.

सदाकाका जमिनीवर पालथे पडले होते. एक हात दाराकडे लांबलेला. फोन उशाशीच होता.

डॉक्टर म्हणाले, उजाडायच्या आधीच सगळं संपलं होतं, बहुतेक हृदयानं दगा दिला. ते पडल्याचा आवाज मावशीनं ऐकला असणार. नंतर विनेश घरी आला. त्यानं तिला पाणी पाजलं, चादर बदलली, चहाला विचारलं, आणि प्रत्येक वेळी ती त्याला सांगत राहिली.

"मला वाटलं, चहा नको म्हणते," पायरीवर बसून विनेश ज्याला त्याला हेच सांगत होता.

दिवसकार्य उरकल्यावर क्रांती पुन्हा गेली. आज व्यायाम नको, नुसतं बसू, असं ठरवूनच ती गेली होती. पण मावशीनं स्वतःच वॉकरकडे बोट दाखवलं. क्रांतीनं मागून पट्टा धरला. लुळा पाय फरफटवत मावशी आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि रिकाम्या खाटेकडे बघत उभी राहिली. तिचे पाय थरथरायला लागले, तरी क्रांतीनं तिला बसा म्हटलं नाही. विनेश खुर्ची घेऊन मागे थांबला होता.