नेमाचा तांब्या आणि मी

मित्रांनो, अंगणातल्या तुळशीला सगळेच हात जोडतात. तिच्या शेजारी मी उभी असते, जाड पानांची आणि काटेरी कडांची. मी कोरफड, आता बरीच म्हातारी झाले आहे.

पिंपळगाव राजा या गावाच्या शिवारात, झुंबरबाईंच्या मुरमाड बांधावर मी आईच्या बुडाशी फुटले. झुंबरबाईंनी मला शेजारच्या जनकाबाईंकडे दिलं. त्यांनी फुटक्या घागरीत मुरूम भरून मला लावलं. पावसाचं पाणी पानांत साठवायचं आणि पुढे पुरवून पुरवून वापरायचं, हा माझा धर्म. लेकरांना खोकला झाला की माझं पान भाजून त्याचा रस हळदीतून देत. हात पोळला की माझा गर लावत. जनकाबाई मला गुणाची म्हणत.

बहात्तर सालच्या गुढीपाडव्याला त्यांनी नेम धरला. अंगणातल्या प्रत्येक झाडाला पाणी घातल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. मायेनं त्यांनी मलाही घागरीतून काढून तुळशीजवळच्या काळ्या मातीत लावलं आणि रोज तांब्याभर पाणी घालू लागल्या. माझी मुळं कुजली. पानं पिवळी, लिबलिबीत झाली. त्यांना वाटलं, तहान लागली असेल. मग तांबे दोन झाले!

एके दिवशी झुंबरबाई आल्या आणि पाहतच राहिल्या.

"काय वं जनके, कोरफडीले बुडवून मारून राह्यली का तू?"

"नेम हाय ना माय माहा. अंगणातलं झाड हाय, पाणी नाही घातलं तं घास कसा घेऊ?"

"मंग अंगणात ठेवूच नको तिले! उपट, अन् दाराच्या चौकटीले टांग. नजरही नाही लागत घराले."

"देवाले चालंल का वं?"

"देवानं तिले पानात पाणी देलंच हाय. तू काऊन त्याच्यावर पाणी टाकतं?"

जनकाबाईंना हसू आलं. मला हात जोडून त्यांनी उपटलं, सडकी मुळं कापली, चार दिवस सावलीत सुकवलं आणि काळ्या दोऱ्यानं चौकटीला उलटं टांगलं.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. अंगणातला मोगरा वाळला, सदाफुली वाळली. तुळशीपुरतं पाणी जनकाबाई आपल्या पिण्यातून काढत. मी बारीक झाले, पण पोटात हिरवी राहिले.

जनकाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. एका संध्याकाळी त्या दारात थांबल्या. तळहात फोडांनी सोलले होते. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुले म्या घोटभर पाणी नाही देलं. कोन्त्या तोंडानं पान मागू?"

मला बोलता आलं असतं तर म्हटलं असतं, माय, घे. त्यांनी एकच पान तोडलं. त्यात गर होता.

पुढच्या वर्षी मृगात पाऊस पडला. जनकाबाईंनी तुळशीशेजारीच उंचवट्यावर मुरूम टाकून मला पुन्हा लावलं. तेव्हापासून त्यांचा नेम थोडा बदलला आहे. सकाळी येतात, तांब्या खाली ठेवतात, मातीत बोट घालून पाहतात. ओल लागली तर तांब्या उचलून तुळशीकडे जातात. माती कोरडी ठाक असेल तेव्हाच घोटभर पाणी मला मिळतं.

मित्रांनो, तुम्हीही झाडं लावा, माया करा. पण पाणी ओतण्याआधी एकदा मातीला बोट लावून विचारा. पाणी मला क्वचितच लागतं. ते बोट मात्र मला रोज हवं असतं.