बाहीची दशी

"अकरावा," मॅडम म्हणाल्या. "धुकं आहेच."

मी दांडा पुन्हा ओढला. काचेच्या डब्यात पांढरे धुके भरले आणि सावकाश खाली बसले.

"बारावा. अजून आहे."

या डब्याला मेघकक्ष म्हणतात. दांडा ओढला की आतली हवा एकदम फैलावते, गार होते आणि वाफेचे थेंब होतात. पण थेंबाला धरायला डोळ्यांना न दिसणारा एखादा तरी कण लागतो. थेंब पडतो तो त्या कणाला घेऊनच. म्हणून सहा-सात वेळा दांडा ओढला की कण संपतात आणि धुके येत नाही. याला आम्ही हवा धुणे म्हणतो. मग मॅडम हवे ते कण आत सोडतात आणि त्यांच्यावर थेंब कसे धरतात ते बघतात. एकतीस वर्षे मी हवा धुतो आहे.

बायको शेजारणींना सांगायची, "आमचे हे हवा धुतात. घरात स्वतःचा कप धुवायचा म्हटलं की हात दुखतात."

ती जाऊन दोन महिने झाले. गेले तीन आठवडे हवा धुतली जात नव्हती.

"काका, झडप बदलली, नळ्या बदलल्या," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर हा डबा भंगारात. तसं पत्र आलंय. नवं यंत्र येईल."

"त्याला दांडा असतो का?"

"नाही. बटण असतं."

भांडारातला कारकून दारातून डोकावला. "काय ढगवाले, आज तरी ऊन पडणार का?"

मी काच उचलली आणि खालची रबराची कडी बाहेर काढली. मॅडमनी ती भिंगाखाली धरली. काळ्या रबरावर एक पांढरा धागा आडवा चिकटला होता. तेवढ्या फटीतून बाहेरची हवा आत येत होती.

मग आम्ही दोघांनी माझ्या प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटाच्या बाहीकडे पाहिले. मनगटापाशी कड उसवून दशा लोंबत होत्या.

"कोट कधी धुतला होता, काका?"

"दोन महिने झाले."

त्यांनी भिंग खाली ठेवले.

बायको दर रविवारी माझा कोट वेगळा धुवायची, खिडकी लावून आतल्या खोलीत वाळवायची, इस्त्री करायची आणि लहान कात्रीने बाह्यांच्या दशा कापत बसायची. मी म्हणायचो, "मला काय लग्नाला उभं राहायचंय?" ती म्हणायची, "हात वर धरा." मला तो तिचा चोखंदळपणा वाटायचा. लग्नानंतर एकदाच ती प्रयोगशाळा बघायला आली होती. मी कडी पुसत होतो. तिने विचारले होते, "हिच्याखाली काही अडकलं तर?" मी हसलो होतो.

शेवटची इस्त्रीही तिचीच. डाव्या बाहीवर खांद्यापासून मनगटापर्यंत तिने पाडलेली घडी अजून दिसत होती. म्हणून मी कोट धुतला नव्हता.

संध्याकाळी बादलीत पाणी घेतले. कोट हातात धरून बराच वेळ बसलो. मुलीचा फोन आला. कोट धुवायचाय, म्हटले.

"बाबा, मशीनमध्ये टाका ना सरळ."

"बाकीच्या कपड्यांचे धागे लागतात."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुझ्या आईने."

तिने कधीच सांगितले नव्हते. मी फक्त बघत आलो होतो.

कोट पाण्यात बुडवला. खिडकी लावून वाळत घातला. वाळल्यावर अंगात घातला आणि तिच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन दशा कापल्या. उजव्या बाहीच्या कापताना डावा हात चालेना, दोनदा बोटाला लागले. इस्त्री मला येत नाही.

शुक्रवारी तसाच चुरगळलेला कोट घालून गेलो. नवी कडी बसवली, काच लावली. मॅडम मोजू लागल्या. पाचव्याला धुके विरळ झाले. सहाव्याला चार-दोन थेंब पडले. सातव्याला दांडा ओढला आणि काचेतून पलीकडची भिंत स्वच्छ दिसली.

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. मग हळूच, "वाचला आपला डबा. काय केलंत, काका?"

"कोट धुतला."

त्यांनी वहीत सात लिहिले. मी दांडा जागेवर लावला. डाव्या बाहीवर आता सगळीकडे घड्याच घड्या होत्या.