सरजाबाईचा बस्ता

शंकरप्पांचं कापडाचं दुकान का बसलं, हे सांगायला वर्षभरात चार माणसं येऊन गेली. वास्तुवाल्याने सांगितलं, गल्ल्याचं तोंड चुकीच्या दिशेला आहे. लातूरचे जावई म्हणाले, लोक आता साड्या मोबाईलवर घेतात. नांदेडच्या करसल्लागाराने जीएसटीवर खापर फोडलं. उदगीरच्या व्याह्यांनी साडेसाती काढली. चौघेही अर्धा-पाऊण तास उशिरा आले. चौघांनीही आल्या आल्या घाम पुसला, पाणी मागितलं, "काय तो वळसा, अप्पा!" असं म्हटलं आणि मग निदानाला सुरुवात केली. वळशाबद्दल पुढे कोणी चकार शब्द काढला नाही. शिकल्यासवरल्या माणसाला इतकं साधं कारण परवडत नाही.

आमचं कवठापूर नांदेड-लातूर रस्त्यावर आहे. निम्मं गाव पोरांच्या ट्यूशनसाठी लातूरकडे तोंड करून बसलेलं असतं, निम्मं दवाखान्यासाठी नांदेडकडे. मधल्या रस्त्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, म्हणून मागच्या वर्षी तो चौपदरी झाला. मधोमध दुभाजक आला. कमरेइतकी सिमेंटची भिंत, तिच्यावर हातभर उंच लोखंडी जाळी आणि जाळीला भाल्यासारखी टोकं. हैदराबादहून फौज चालून येणार असल्याचा निरोप कोणाला तरी उशिराने मिळाला असावा.

एसटी स्टँड आणि मुखेडकडच्या जीपा रस्त्याच्या एका बाजूला, शंकरप्पांचं 'श्री मन्मथ वस्त्र भांडार' दुसऱ्या बाजूला. आधी माणूस स्टँडवरून निघून वीस पावलांत दुकानात येत असे. आता गावाबाहेरच्या पेट्रोल पंपाच्या वळणापर्यंत जायचं आणि उलटं यायचं, असा दीड किलोमीटर. अख्ख्या गावात दुभाजकाला मोकळी जागा एकच, भागवतच्या 'भागवत मेगा मार्ट'समोर. ते स्टँडच्याच बाजूला, शंकरप्पांपासून दोन फर्लांगांवर. पण गाडीला तिकडे उलटं जाता येत नाही आणि तिथवर चालत गेलेलं गिऱ्हाईक मार्टातच शिरतं. तिथला कट इतका रुंद की हत्ती वळावा.

शंकरप्पांनी अकरा महिन्यांत सहा अर्ज केले. एकाचं उत्तर आलं : 'सदर ठिकाणी दुभाजक खुला केल्यास अपघाताची दाट शक्यता आहे.' भागवतच्या दारात ती शक्यता नव्हती. तिथले ट्रकवाले बहुधा संस्कारी होते.

शेवटी मुलगा वीरेश म्हणाला, "अप्पा, आता पाडव्याला शटर ओढू."

"लगीनसराईत?"

"कसली लगीनसराई? मागल्या महिन्यात एक बस्ता आला न्हाई."

बस्ता म्हणजे लग्नघरची कापडखरेदी. पंचवीस-तीस माणसं टेम्पो करून येतात, दुकानाच्या पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसतात आणि संध्याकाळपर्यंत उठत नाहीत. चार बस्त्यांवर दुकानाचं वर्ष निघतं.

"सरजाबाईचा येईल," शंकरप्पा म्हणाले. "तिच्या सासूपासून त्यांचे बस्ते आपल्याकडं. नातीचं लगीन हाय."

"आणि तोबी पल्याडच गेला तर?"

"तर मी सोता शटर ओढतो."

सरजाबाईचा बस्ता यायचा होता तो बाजाराचा दिवस. त्याच दिवशी व्यापारी मंडळाने व्याख्यान ठेवलं होतं : 'दुकान का चालतं, का बुडतं?' स्थळ मेगा मार्टचा तिसरा मजला. वक्ते नांदेडचे राजशेखर सर. सरांनी स्वतः कधी दुकान टाकलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं एकही बुडालेलं नव्हतं.

आधी भागवतचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. यशाचं रहस्य विचारल्यावर तो म्हणाला, "सचोटी आणि आईचा आशीर्वाद." टाळ्या वाजल्या. शंकरप्पांनी खिडकीतून खाली पाहिलं. सचोटीतून एक ट्रॅक्टर वळत होता.

सर दीड तास बोलले. ग्राहक हा राजा आहे, हे तीनदा सांगून त्यांनी प्रश्न मागवले. शंकरप्पा उभे राहिले. पांढरी टोपी, कपाळावर घामाने ओली झालेली विभूती.

"सर, राजा रस्त्याच्या पल्याड उभा हाय. त्याला अल्याड कसं आणावं?"

"सुंदर प्रश्न!" सर म्हणाले. "मित्रहो, आधी मनातले दुभाजक तोडा!"

पुन्हा टाळ्या.

"मनातला न्हाई सर. सिमेंटचा हाय. वर जाळी हाय."

"अप्पा, बसा आता," अध्यक्ष म्हणाले. "चहा गार होऊन राहिला."

चहाच्या वेळी भागवत स्वतः कप घेऊन आला. गळ्यात शाल तशीच. "काका, या वयात कशाला जीव जाळता? दुकान मला भाड्यानं द्या. गोदाम करतो."

"माल कसा आणशील? वळसा घालून?"

"त्याचं टेन्शन नका घेऊ. आठ दिवसांत कट पाडून घेतो तिथं. ठेकेदार मेव्हणाच हाय आपला."

शंकरप्पांनी कप ट्रेमध्ये परत ठेवला. "म्हणजे पाडता येतोय."

"येतोय की."

"अन् अपघात?"

"कसला अपघात?" भागवतला खरोखरच कळलं नाही.

शंकरप्पा आयुष्यात गिऱ्हाइकावर ओरडले नव्हते, नोकरावरही नाही. त्या दिवशी ओरडले. "ऐकलं का रे? वर्षभर मला साडेसाती सांगून राहिले! गल्ल्याचं तोंड फिरवायला लावलं मला! तुमच्यातल्या एकानं तरी, एकानं तरी म्हणावं की शंकरप्पा, तुझ्या दारात भिंत घातलीय!"

मंडळाचे एकोणीस सभासद बिस्किटांकडे बघत राहिले. बिस्किटं भागवतची होती. सर्वांना सगळं ठाऊक होतं. दुभाजक काही कोणी खिशात घालून आणलेला नव्हता. पण उद्या आपल्या दारात कट लागला तर मेव्हणा लागणार, हा हिशेब प्रत्येकाने केलेला होता. व्यापार याला म्हणतात. सरांनी तेवढंच सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात वीरेशचा फोन आला. "अप्पा, सरजाबाईचा टेम्पो आलाय. पण पल्याड उभा हाय. पंपाचं वळण भाजीवाल्यांनी भरलंय, डायवर पुढं जायला तयार न्हाई, अन् आजीला कटापर्यंत चालवत न्हाई."

शंकरप्पा जिना उतरून, कट ओलांडून धावत आपल्या बाजूला गेले. अडुसष्टाव्या वर्षी माणूस जसा धावतो तसे. दुकानासमोर पोचून जाळीतून पाहिलं, तर तीस माणसं रस्त्याच्या कडेला उभी आणि ऐंशीची सरजाबाई टेम्पोच्या फाळक्याला धरून भांडत होती. भागवतची दोन माणसं या गिऱ्हाइकांसाठी सरबताचा ट्रे घेऊन तिथे आधीच पोचली होती.

नवरीमुलगी सुकन्या म्हणत होती, "आजी, चल ना त्या मार्टात. एसी हाय, लिफ्ट हाय."

"लगीन काय लिफ्टात लावायचंय तुझं?"

"अगं, पण तिकडं जायचं कसं? भिंतीवरून?"

"तुझ्या आईच्या लग्नात मी हिरवा शालू धरून बसले हुते. हा शंकरप्पा म्हणला, मावशी, नका घेऊ, रंग उतरतोय. दुकानदार असून नका म्हणला! तुझा मार्टवाला म्हणल का?" मग जाळीकडे बघून तिने हाक मारली, "शंकरप्पा! बोलावलंस तर खरं, आता आण की आत!"

शंकरप्पांनी जाळीची टोकं चाचपली. मग वळून म्हणाले, "वीरेश, गादी काढ."

"कुठली गादी?"

"दुकानाची."

ती गादी दुकान उघडल्यापासून तिथे होती. दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी खोळ बदलण्यापुरती ती उचलत, एरवी कधीच नाही. वीरेशने आणि दोन नोकरांनी ती उचलून आणली, जाळीवर अशी टाकली की टोकं कापसात रुतली आणि दोन्ही बाजूंना ती जमिनीपर्यंत लोंबली. दोन स्टुलं अलीकडे लावली, दोन पलीकडे दिली.

"चल माय," पलीकडचा एक जण म्हणाला, "चढ स्टुलावर."

सरजाबाईने पाय उचलला आणि खाली ठेवला. "थांबा की. चपला काढू द्या. गादी हाय ती."

आणि मग कवठापूरने कधी न पाहिलेलं पाहिलं. चौपदरी रस्त्याच्या मधोमध तीस माणसांनी चपला काढल्या. ओळीने लावून ठेवल्या, देवळाबाहेर लावतात तशा. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. आधी सरजाबाईला दोन पुतण्यांनी उचलून गादीवर बसवलं. लातूरकडून येणाऱ्या ट्रकांची रांग लागली, भोंगे सुरू झाले. व्यापारी मंडळ तिसऱ्या मजल्यावरून मोबाईलवर चित्रीकरण करू लागलं. उठाव बघायला आमच्या गावाला नेहमीच उंचावरची जागा लागते.

हवालदार उमाशंकर शिट्टी फुंकत आला. "अप्पा, काय लावलंय हे? रस्ता मोकळा करा!"

"रस्ता मोकळाच हाय," शंकरप्पा म्हणाले. "दुकान बंद पडलंय."

दुभाजकाच्या माथ्यावर बसलेल्या सरजाबाईने उमाशंकरला निरखून पाहिलं. "तू ग्यानोबाचा पोरगा न्हाई का रे? तुझ्या लग्नाचा बस्ता कुठं झाला?"

उमाशंकरने शिट्टी तोंडातून काढली. "हितंच की, आजी."

"मग हात दाव त्या ट्रकांला. माझी नातवंडं दबून मरतील."

उमाशंकरने हात दाखवला. तो स्वतः मात्र पलीकडेच थांबला. त्याच्या पायात बूट होते.

सगळी माणसं पार व्हायला पाऊण तास लागला. दुकानात गादी नव्हती म्हणून खाली सतरंज्या टाकल्या. पहिली साडी देवाची निघाली. सुकन्या तोंड पाडून बसली होती. तिने एक जांभळी साडी ओढली, खांद्यावर टाकली, आरशात बघितलं, पहिल्यांदा हसली.

"ती नको, पोरी," शंकरप्पा म्हणाले. "दोन धुण्यांत विटंल."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग आजीकडे. आजी सुपारी कातरत होती. तिने मान वर केली नाही. सुकन्याने साडी घडी घालून परत दिली आणि सतरंजीवर मांडी घातली. "बरं, मग तुम्हीच दाखवा."

संध्याकाळी पाच गठ्ठे गादीवरूनच पार गेले. चपला जशाच्या तशा होत्या. ट्रकवाल्यांनी त्या चुकवून गाड्या नेल्या होत्या. पाडव्याच्या शटरची गोष्ट वीरेशने काढली नाही. रात्री गादी आत घेऊ का, एवढंच त्याने विचारलं.

"राहू दे," शंकरप्पा म्हणाले. "उद्या गिऱ्हाईक कुठून येईल?"

सहा अर्जांना अकरा महिने लागले होते. गादीला चोवीस तासही लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या ऑफिसातून शिपाई नोटीस घेऊन आला : 'सार्वजनिक दुभाजकावर कापसाचे अनधिकृत अतिक्रमण केल्याबाबत.' एका हातात नोटीस, दुसऱ्या हातात चपला. गादीवरूनच आला होता.

शंकरप्पांनी नोटीस वाचली, पोच दिली, पाणी दिलं, चहाही पाजला. शिपाई चहा पिऊन उठला आणि चपला हातात घेऊन गादीकडे निघाला, तसा शंकरप्पांनी आवाज चढवला.

"तिकडून न्हाई! गादी गिऱ्हाइकाची हाय. सरकारी माणसानं वळसा घालून जावं."

दीड किलोमीटर. ऊन चांगलं चढलं होतं. शंकरप्पा दारात उभे राहून तो पंपाच्या वळणाला दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.